तंबाखू-चुना सोडताना प्रत्येक बाराच्या जागी काय ठेवायचं?

चंद्रभागा

मोठ्या भावाला तंबाखू सोडायची आहे, त्यासाठी नेमका सल्ला हवा आहे. वय ४१. कारखान्यात सीएनसी मशिनवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन) काम, दर आठवड्याला पाळी बदलते. तंबाखू-चुना हातावर मळून खालच्या ओठात धरतो; अशी एका वेळची चिमूट म्हणजे एक बार. गुटखा, बिडी-सिगारेट, दारू यातलं काही नाही. बीपीची गोळी चालू आहे.

याआधी दोनदा एकदम बंद करून झालं. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. दुसऱ्या खेपेला तंबाखूऐवजी तोंडात सुगंधी सुपारी आणि ज्येष्ठमधाची कांडी असायची.

या वेळी आधी चार दिवस वहीत नोंद ठेवायला लावली. पहिल्या पाळीच्या एका दिवसाचे १३ बार झाले. ५:१० ला उठल्याबरोबर, संडासला जायच्या आधी. मग चहानंतर, बसची वाट बघताना, मशिन चालू करताना. सकाळच्या चहाच्या सुट्टीत दोन, तेही दुसऱ्याने मळून पुढे केलेले. जेवणानंतर एक, तो कधीच चुकत नाही. घरी आल्यावर एक, बाकीचे संध्याकाळी टीव्हीसमोर आणि पारावर. रात्रपाळीत २ ते ४ च्या दरम्यान सलग तीन-चार होतात.

प्रश्न असे: तोंडात काय ठेवायचं? सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही, त्याचं काय करायचं? रात्रपाळीतली झोप कशी आवरायची? आणि निकोटिनचा (तंबाखूतला तलफ लावणारा घटक) गम खरंच चालतो का? मागे चार दिवस खाल्ला, उचक्या लागल्या, बंद केला.

दंतवैद्य

नोंद ठेवलीत हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्या वहीतच आहे. हे १३ बार म्हणजे एक सवय नाही. ५:१० चा बार पोटासाठी आहे, जेवणानंतरचा जेवण संपल्याची खूण म्हणून, चहाच्या सुट्टीतले दोन माणसांसाठी आणि रात्री अडीचचा जागं राहण्यासाठी. सगळ्यांच्या जागी एकच बडीशेप दिली की ती फार तर दोन-तीन ठिकाणी भागते, उरलेल्या दहा ठिकाणी माणूस अडतो. मागच्या दोन्ही खेपांना बहुधा हेच झालं असावं. त्यात भर म्हणजे निकोटिनची ओढ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच हाताशी काही नव्हतं.

आधी काय ठेवायचं नाही ते सांगतो. सुपारी अजिबात नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तिच्यात तंबाखू असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला पहिल्या गटात टाकलं. तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं, तेही मुख्यतः सुपारीमुळेच. त्यामुळे सुगंधी सुपारी, पानमसाला, खर्रा हे सगळं बाद. आवळा सुपारी म्हणजे वाळवलेला आवळा, सुपारी फक्त नावात; ती चालेल, पण पाकिटावरच्या घटकांत खरी सुपारी नाही ना ते वाचून घ्या.

ज्येष्ठमधही भावाला नको. तो रोज चघळला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चालतील अशा गोष्टी: कोरडी भाजलेली बडीशेप, तिच्यात थोडा ओवा आणि चिमूटभर भाजलेले तीळ. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. वेलची. चार-पाच सेंटीमीटरची दालचिनीची काडी, नुसती दातात धरायला. लवंग दिवसाला एक-दोनच, कारण तोंडात जखम असेल तर ती झोंबते. चुना कशातही मिसळायचा नाही. ‘तंबाखू नाही, नुसता चुना-ओवा’ असं करणारे पुष्कळ आहेत, पण अस्तर भाजतं ते चुन्यानेच.

आता हाताबद्दल. तळहातावर पत्ती, वर नखाने चुना, अंगठ्याने दोन मिनिटं मळणं, दोन थापा मारून भुकटी उडवणं, चिमूट करणं. ही कृती दिवसाला १३ वेळा वर्षानुवर्षं झालेली आहे. तलफ तिथेच सुरू होते, तोंडात पडल्यावर नाही. त्यामुळे नुसतं तोंड गुंतवून भागत नाही. बडीशेप-ओव्याचं मिश्रण तळहातावर घेऊन तसंच मळलं तरी हरकत नाही, पहिले तीन-चार आठवडे मी ते मुद्दाम करायला सांगतो. फक्त डबी नवी हवी आणि खिसा दुसरा. जुनी दुहेरी डबी धुऊन तीच वापरू नका, तिचं झाकण उघडल्याचा आवाजसुद्धा तलफ आणतो.

सोडायच्या आधी एकदा तोंड तपासून घ्या, आणि घरीही आरशात बघा. खालचा ओठ बाहेर उलटा करून ज्या जागी बार धरतो तिथलं अस्तर पाहा. पांढरट, सुरकुतलेला चट्टा असेल तर तो बंद केल्यावर बऱ्याचदा दोन ते सहा आठवड्यांत फिका पडतो. सहा आठवड्यांनंतरही तसाच राहिला, किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर थांबू नका, तुकडा काढून तपासावा लागेल. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही बघा; जात नसतील तर तोंड पुरतं उघडत नाही, तेही दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. बंद केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळांना तोंड येतं. मग ‘तंबाखू होती तोवर तोंड कधी आलं नव्हतं’ म्हणत पुन्हा सुरू करतात. हे फोड आपोआप जातात. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात, तेवढे दिवस तिखट कमी.

औषधवाला

गमबद्दल लिहितो, कारण ‘गम खाल्ला, उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो च्युइंग गमसारखा चावलेला असतो. उचक्या त्यामुळेच.

निकोटिन तोंडाच्या अस्तरातून जायला हवं. पोटात गेलं की बरंचसं वाया जातं, वर जळजळ आणि उचकी. म्हणून गम सावकाश १०-१५ वेळा चावायचा. मिरमिरलं, तिखटसर चव आली की थांबायचं आणि तो गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. मिनिटभराने मिरमिर गेली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. बार धरणाऱ्याला खरं तर हे सोपं जातं, तोंडात काही धरून ठेवायची सवय असतेच. फक्त तो जुन्या जागी, खालच्या ओठात ठेवू नका.

दुसरी चूक चहाची. चुना कशासाठी लावतात? चुन्याने तोंडातली आम्लता जाते, निकोटिन मोकळं होतं आणि झपाट्याने रक्तात शिरतं. गममध्येही त्याचसाठी सौम्य क्षार घातलेला असतो. त्यावर चहा, कॉफी, लिंबूपाणी किंवा कोला घेतला की तोंड आम्ल होतं आणि निकोटिन आत जातच नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको. म्हणजे चहानंतरच्या बाराच्या जागी गम लगेच चालणार नाही. चूळ भरा, पाव तास थांबा, मग घ्या. त्या पाव तासापुरती बडीशेप.

तिसरी चूक, फार कमी घेणं. दिवसाला दोन-तीन गम खाऊन १३ बारांची ओढ भागत नाही. वेळापत्रक असं: पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान ९. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात चार-आठ तासांनी. मग बंद. तलफ आल्यावर शोधायचा नाही, घड्याळ बघून घ्यायचा.

२ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ चा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. भाऊ डोळे उघडल्याबरोबर बार भरतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ओढ जास्त समजतात आणि अशांना सहसा ४ लागतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणजे आठ तासांच्या झोपेनंतर सोळावा हिस्सा उरतो. पहाटेचा बार सगळ्यात अवघड असतो तो म्हणून. बीपीची गोळी चालू आहे, तर चिठ्ठी घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना तेही सांगा. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि १८ वर्षांखालच्यांनी स्वतःच्या मनाने गम घेऊ नये.

तोंड पुरतं उघडत नसेल किंवा कवळी असेल तर गमऐवजी चघळायची गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी. पट्टी २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमची येते. केस नसलेल्या कोरड्या जागी, दंडावर किंवा छातीवर, रोज जागा बदलून लावायची. कारखान्यातल्या घामाने ती सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून हाताने दहा सेकंद दाबून धरा. पट्टी आणि वर तलफेपुरता गम असं दोन्ही मिळून एकट्या गमपेक्षा चांगलं काम करतं, पण तो मेळ डॉक्टरांनी घालून द्यावा. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन या तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, त्या फक्त त्यांच्याच सल्ल्याने.

माळरान

एकदम बंद करण्यापेक्षा रोज एक-एक बार कमी केला तर? १३ वरून १२, मग ११…

दंतवैद्य

माळरान, ऐकायला सोपं वाटतं, पण सहा-सातवर आल्यावर गाडी अडते. उरलेले बार मोठे होतात आणि जास्त वेळ धरले जातात, निकोटिन तेवढंच राहतं. तारीख ठरवून त्या दिवसापासून पूर्ण बंद आणि गम चालू, हे मला बरं वाटतं. आधीचे आठ-दहा दिवस बार मोजून कमी करण्यापेक्षा बार आणि प्रसंग यांची गाठ सोडवण्यात घालवावेत. टीव्हीसमोर खायचा नाही, उठून दाराबाहेर जाऊन उभ्याने खायचा. जेवणानंतरचा अर्धा तास उशिरा. चहा आणि तंबाखू एका वेळी नाही. मिश्रीचं थोडं वेगळं, तिथे हळूहळू कमी करणं जमतं.

पाळीवाला

कारखान्याच्या बाजूने चार गोष्टी.

तारीख रात्रपाळीच्या आठवड्यात धरू नका. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री शेवटचा बार, आणि पुढचा आठवडा पहिल्या पाळीचा, हे सगळ्यात बरं. एखादी रजा शिल्लक असेल तर ती पहिल्या दिवशी वापरू नका, तिसऱ्या दिवशी वापरा. दोन्ही वेळा तिथेच मोडलंय. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते आणि लक्ष टिकत नाही, मशिनमध्ये मापांचे आकडे (ऑफसेट) भरताना एक आकडा चुकला तर कापायचं टूल जॉबवर, म्हणजे घडवायच्या तुकड्यावर, आदळतं. सुपरवायझरला खरं कारण सांगून तेवढे दिवस सेटिंगचं काम दुसऱ्याकडे द्यायला सांगा.

२ ते ४ ची झोप तंबाखूची नाही, शरीराच्या घड्याळाची आहे. त्या वेळी शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं. पाळीआधी घरी दीड तास झोप, आणि जेवणाच्या सुट्टीत २० मिनिटं डोळे मिटून बसायला मिळालं तर फार उत्तम. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, उठल्यावर जडपणा येतो. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या निम्म्यात, दोननंतर नाही, नाहीतर सकाळची झोप जाते. दोन वाजता तोंडावर गार पाणी, भरपूर उजेडाखाली पाच मिनिटं चालणं, मूठभर चणे-फुटाणे. रात्रीचा डबा हलका, भात कमी.

इथे एक खुलासा. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांनी चहा-कॉफी निम्मी करावी, कारण धुरामुळे कॅफीन शरीरातून लवकर निघून जातं आणि धूर थांबला की तेच कॅफीन जास्त चढतं. हे धुराचं काम आहे, निकोटिनचं नाही. तंबाखू खाणाऱ्याला त्यासाठी चहा तोडायची गरज नाही.

आणि चहाच्या सुट्टीतला तळहात. समोरच्याने मळलेली तंबाखू पुढे केली की आपली चिमूट आपोआप पुढे जाते, विचार नंतर येतो. म्हणून त्या वेळी उजव्या हातात कप आणि डाव्या हातात फुटाणे, दोन्ही हात भरलेले. ‘आज नको’ म्हणायचं नाही, त्याचा अर्थ उद्या विचारा असा होतो. ‘सोडली’ म्हणायचं. ज्यांच्या तळहातावरून तो नेहमी खातो त्या दोन-तीन जणांना तारखेच्या आदल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगून ठेवावं. पहिले पंधरा दिवस सुट्टीत मशिनच्या दुसऱ्या बाजूच्या लोकांत बसला तरी कुणी वाईट वाटून घेत नाही.

चंद्रभागा

खूप उपयोगी पडतंय सगळं. ज्येष्ठमधाचं तर डोक्यातही आलं नव्हतं. सकाळच्या पोटाचं कुणी सांगेल का? त्याची सगळ्यात मोठी धास्ती तीच आहे.

औषधवाला

धास्ती खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे बद्धकोष्ठ होतं. तयारी तारखेच्या चार दिवस आधी सुरू करा.

रात्री झोपण्याआधी दोन चहाचे चमचे इसबगोल एक पेला पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, घट्ट होऊ द्यायचं नाही. वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलनेच उलट अडतं. बीपीची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, मग चहा आणि दोन घास काहीतरी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं, सकाळी ती हालचाल जास्त असते. खाल्ल्यावर १५-२० मिनिटांनी, जोर आलेला असो वा नसो, जाऊन बसायचं. दहा मिनिटं, मोबाईल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचा पाट. यासाठी २० मिनिटं आधी उठावं लागेल, म्हणजे ४:५० चा गजर. रोज जुलाबाची गोळी घेऊ नये, आतड्यांना तिचीच सवय लागते.

गम लगेच घ्यायचा असेल तर कोमट पाण्यानंतर, चहाच्या आधी. साध्या पाण्याने काही बिघडत नाही. गम संपला की चहा.

जाई

थोडं विषयांतर. आईला मिश्री सोडवायची आहे. वय ५८, दिवसाला पाच-सहा वेळा लावते. बंद केली की दात ठणकतात म्हणते, म्हणून पुन्हा लावते.

दंतवैद्य

जाई, विषयांतर नाही, हे यातच येतं. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. हिरडीवर बोट फिरवत दहा-वीस मिनिटं ठेवली की निकोटिन आत जातंच. तिला दात घासण्याचं नाव असल्यामुळे घरात कुणाला ते व्यसन वाटत नाही.

दात ठणकतात ते खरं असणार. मिश्रीने ठणका दबतो, आत किडलेला किंवा हिरडीतून उघडा पडलेला दात तसाच राहतो. म्हणून क्रम उलटा करा: आधी दात तपासून, भरून, साफ करून घ्या, मग मिश्री. उपचारानंतर फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश, दोन वेळा. सणक येत असेल तर संवेदनशील दातांसाठीची पेस्ट, तिचा परिणाम जाणवायला दोन-तीन आठवडे लागतात.

पाच-सहापैकी दुपारची कामं उरकल्यावरची आणि शेजारणींबरोबरची मिश्री बहुधा गप्पांची असते, ती आधी सोडवा: हातात काम द्या, शेंगा, लसूण, वाती. झोपायच्या आधीची ब्रशने जाते. सकाळची शेवटी, वर सांगितलेली पोटाची तयारी करून. दर आठवड्याला एक वेळ कमी. बोट फिरवायची सवय जात नसेल तर नुसतं ओलं बोट हिरडीवर फिरवू द्या, काही बिघडत नाही. लाल दंतमंजन नको. दातांच्या पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, तरी सुट्या, बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते कळत नाही. आणि घरात मिश्री भाजणं थांबवा, त्या वासानेच तलफ येते.

पाळीवाला

एक राहिलं. तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते, मग उतरते. मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावून पाणी पिणं किंवा मजल्यावरून एक फेरी मारणं, एवढंच त्या वेळचं काम. वहीच्या शेवटच्या पानावर ‘जेव्हा… तेव्हा…’ असं लिहून ठेवा: जेव्हा जेवणाचा डबा बंद करीन, तेव्हा उठून चूळ भरून खोबऱ्याचा काप खाईन. जेव्हा बसथांब्यावर उभा राहीन, तेव्हा गम काढीन. १३ बार, १३ ओळी.

२१ दिवसांत सवय बदलते, असं त्याला सांगू नका. बाविसाव्या दिवशी तलफ आली की माणूस खचतो. लंडनमध्ये २००९ च्या सुमारास याची मोजणी झाली होती. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पडतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

म्हणून एखादा बार गेलाच तोंडात, तर लगेच थुंकायचा, चूळ भरायची, वहीत वेळ आणि कारण लिहायचं आणि पुढचा गम ठरल्या वेळी घ्यायचा. मोजणी शून्यावर आणायची नाही. एका बारापेक्षा त्यानंतरचं ‘आता मोडलंच आहे’ जास्त नडतं. त्याच दिवशी १८००-११-२३५६ वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

चंद्रभागा

तारीख ठरवली, पुढच्या सुट्टीच्या आदल्या रात्रीची. तिसऱ्या दिवसाची रजा भाऊ टाकतोय. इसबगोल आजपासून. ४ मिलिग्रॅमच्या चिठ्ठीसाठी उद्या डॉक्टरांकडे जाऊ, तेव्हा बीपीही मोजून घेऊ. औषधवाले, एक विचारायचं राहिलं: गम थुंकायचा की गिळायचा?

औषधवाला

थुंकायचा, कागदात गुंडाळून कचऱ्यात. वापरलेल्या गममध्येही निकोटिन उरतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्या तोंडी लागू देऊ नका. न वापरलेलं पाकीटही उंचावर ठेवा.